पार्सलावर नाव कुणाचं?

उत्साही : जर्मनीत राहून मी शांघायच्या माणसाला ज्या भावात वस्तू मिळते त्याच भावात ती घेऊ शकते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. ताओबाओ, १६८८, वेइदियान ही सगळी बाजारपेठ मुळात चिनी गिऱ्हाइकासाठी उभी राहिली. पानं चिनी भाषेत, पैसे अलीपे किंवा वीचॅटने भरायचे, माल पोचवायला पत्ता चीनमधला हवा. बाहेरच्या सामान्य माणसाचा तिथे शिरकावच नव्हता. आता मधे एजंट आहे. मला हव्या त्या वस्तूच्या पानाची लिंक मी उचलते आणि एजंटाच्या साइटवर चिकटवते. रंग, माप, नग निवडले की तो स्वतःच्या खात्यावरून ती वस्तू विकत घेतो. दुकानदार ती त्याच्या गोदामात पाठवतो. तिथे वजन होतं, फोटो निघतात आणि मला दाखवले जातात. नापसंत असेल तर वस्तू तिथूनच परत जाते. पसंत असेल तर गोदामात पडून राहते. आठ-दहा दुकानांचा माल जमला की सगळ्याचं मिळून एक खोकं बांधून माझ्या पत्त्यावर रवाना होतं. जुन्या शिलाई मशीनची बॉबिन केस, फिल्म कॅमेऱ्याच्या दाराला लावायची फोमची पट्टी, ब्रशने लिहायचा कागद, कीबोर्डची सुटी बटणं. माझ्या गावातल्या दुकानात यातलं काही मिळत नाही, आणि मिळालं तर पाचपट दाम मोजावे लागतात. मी मधले चार हात टाळते. यात वाईट काय आहे, ते मला सांगा.

साशंक : त्याच भावात हे आधी तपासू. वीस युआनचं पेन घ्या. चीनमधलं कुरिअर पाच-सहा युआन, मग एजंटाचा आकार, मग परदेशी भाडं, मग तुमच्या देशाचा कर. भाड्यात पुन्हा खोक्याचा आकार मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी पाच हजारांनी भागायचं. चाळीस बाय तीस बाय वीसचं खोकं भरलं तर हिशेब ४.८ किलोचा होतो, मग आत दोनच किलो माल का असेना. म्हणूनच बुटांची खोकी फेकून द्या, जाकिटातली हवा काढून चपटं करा, अशा सूचना गोदामाला द्याव्या लागतात. पण हा हिशेब तुम्हाला पाठ असणार, त्यावर मी वेळ घालवत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला माझं स्टेशनरीचं घाऊक दुकान होतं. माल चीनमधल्या यिवूचा. तिथेही एजंट असायचा, तो बाजार फिरवायचा, भाव करून द्यायचा, कंटेनर भरून द्यायचा. तरीही कस्टमच्या बिल ऑफ एंट्रीवर आयातदार म्हणून नाव माझं लागायचं. नमुन्यापेक्षा हलका माल आला तर तोटा माझा. कस्टमने माल अडवला तर न्हावाशेव्याला धावपळ माझी. पेन गळलं म्हणून एखादी बाई शाळकरी मुलाला घेऊन भांडायला आली तर ती माझ्या गल्ल्यासमोर उभी राहायची, यिवूच्या कारखान्यासमोर नाही. गिऱ्हाइकाने मला जो नफा दिला, त्यात या सगळ्याचे पैसे होते. तुम्ही म्हणता तुम्ही मधले हात टाळले. मधला माणूस गेला हे खरं. त्याची कामं कुठे गेली? परीक्षा करणं, कर भरणं, माल सुरक्षित आहे की नाही ते पाहणं, बिघडला तर निस्तरणं, ही कामं वस्तूबरोबर येतातच. ती आता तुमच्या अंगावर आली आहेत. तुम्हाला स्वस्त पडतं याचं एक कारण हे आहे की तुम्ही ती कामं करत नाही, आणि दुसरंही कुणी करत नाही.

उत्साही : परीक्षा मी करते, आणि तुमच्या गल्ल्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईपेक्षा बारकाईने करते. पेनाचंच उदाहरण घेऊ. तुमच्या-माझ्या पिढीने शाळेत शांघायचं हिरो पेन वापरलं आहे. त्यातलं ६१६ नंबरचं, झाकलेल्या निबचं, मला हवं होतं. या पेनाच्या नकला इतक्या झाल्या आहेत की खऱ्यापेक्षा खोटं सापडणं सोपं. दुकानातलं चित्र दुकानदाराने लावलेलं असतं, त्यावर मी विसंबत नाही. गोदामात पेन आलं तेव्हा कामगाराने ते चौकटी आखलेल्या चटईवर ठेवलं, शेजारी माझ्या ऑर्डरचं लेबल, आणि फोटो काढले. झाकण लावलेलं, झाकण काढलेलं, खोक्यासकट. मी जादा पैसे भरून आणखी दोन फोटो मागितले. झाकणावरची अक्षरं जवळून, आणि नळी उघडून आतली शाई भरायची पिशवी. अक्षरांच्या कडा उजेडात चमकत होत्या, म्हणजे ती कोरलेली होती, शाईने छापलेली नव्हती. पिशवीवरचा धातूचा भाग वाकडा बसला होता. मी ते पेन परत पाठवलं, दुसरं मागवलं. मुंबईच्या दुकानात काउंटरपलीकडच्या पोऱ्याने मला नळी उघडून दाखवली असती का?

आणि परत पाठवता आलं ते कायद्यामुळे. चीनने २०१३मध्ये ग्राहक हक्कांचा कायदा सुधारला, तो १५ मार्च २०१४पासून लागू आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू सात दिवसांच्या आत, कारण न देता परत करता येते. मापावर शिवून घेतलेले कपडे, नाशवंत माल असे थोडे अपवाद आहेत. हा हक्क चिनी ग्राहकासाठी आहे, पण एजंटाने चीनमधल्या पत्त्यावर खरेदी केली की त्याच्यामार्फत मलाही त्याचा लाभ होतो. एका परक्या देशाच्या चांगल्या कायद्याचा फायदा सामान्य बाईला घरबसल्या मिळतो, हे किती मोठं आहे ते बघा. पूर्वी तो फायदा व्यापाऱ्यालाही मिळत नव्हता. तुम्हाला यिवूचा माल नापसंत पडला तर तुम्ही कंटेनर परत पाठवला असता का?

साशंक : नाही पाठवता यायचा. म्हणून मी माल चढण्याआधी माणूस पाठवायचो. तुमची परत पाठवायची सोय खरी आहे, पण ती कुठे संपते ते नीट बघा. ताओबाओवर गिऱ्हाइकाने माल मिळाला असं कबूल करेपर्यंत पैसे अलीपेकडे अडकून राहतात. ही युक्ती फार चांगली आहे, त्या बाजारपेठेवर लोकांचा विश्वास बसला तो याच बळावर. पण कबूल कोण करतं? एजंट, त्याच्या गोदामात. सात दिवसही तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात. तुमचं खोकं जर्मनीला पोचतं तेव्हा दुकानदाराचे पैसे त्याच्या खात्यात जमा होऊन महिना झालेला असतो. म्हणजे त्या कायद्याचं सगळं संरक्षण चार-पाच फोटोंवर उभं आहे.

फोटोत काय दिसतं? कोरलेली अक्षरं दिसतात, वाकडा बसलेला धातूचा भाग दिसतो, रंग दिसतो. निब कागदावर अडखळते की नाही ते दिसत नाही. चार्जरच्या आत तारांमध्ये पुरेसं अंतर सोडलं आहे की नाही ते दिसत नाही. मुलांच्या चपलेच्या प्लास्टिकात थॅलेट हे घातक रसायन किती आहे ते दिसत नाही. सोल महानगर प्रशासनाने २०२४मध्ये चिनी प्लॅटफॉर्मवरच्या मुलांच्या वस्तू प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा कित्येक वस्तूंत ते मर्यादेच्या फार पलीकडे निघालं. त्या प्रकरणात प्रशासनाला निदान प्लॅटफॉर्मला सांगता आलं की हा माल उतरवा. तुमच्या वाटेवर कुणाला सांगायचं? दुकानदार म्हणेल, मी चीनमध्ये चीनच्या पत्त्यावर विकलं. एजंट म्हणेल, मी विक्रेता नाही, तुमच्या सांगण्यावरून विकत घेतलं आणि पाठवलं. दोघांचंही कागदोपत्री बरोबर आहे.

युरोपीय संघाचा सर्वसाधारण उत्पादन सुरक्षेचा नवा नियम १३ डिसेंबर २०२४पासून लागू झाला. संघातल्या ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वस्तूमागे संघातच एक जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी हवी, असं तो सांगतो. तिचं नाव आणि पत्ता वस्तूवर किंवा खोक्यावर असावा लागतो. लोकांनी लढून मिळवलेली ही गोष्ट आहे. आग लागली, मूल आजारी पडलं, तर दार ठोठावायला एक दार असावं म्हणून. तुमच्या खोक्यावर एकच युरोपीय नाव असतं. ते तुमचं.

उत्साही : हे टोचलं, आणि मी ते टाळणार नाही. पण मग मला विचारू द्या की मोठ्या दुकानांतला माल कुठून येतो. त्याच ग्वांगदोंग आणि झेजियांग प्रांतांतून. फक्त वर एक ब्रँड चिकटतो आणि किंमत चढते. ब्रँड तपासणी करतो हे मान्य, पण त्या किमतीतला किती भाग तपासणीचा आणि किती जाहिरातीचा, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

मला या बाजाराची ओढ लागली ती स्वस्ताईपेक्षा कारागिरांमुळे. जिआंगसू प्रांतात सुइनिंग तालुक्यात शाजी नावाचं गाव आहे. तिथल्या तरुणांनी २००६च्या सुमारास ताओबाओवर लाकडी फर्निचर विकायला सुरुवात केली. पाहता पाहता गावात करवती सुरू झाल्या, पॅकिंगवाले आले, कुरिअरवाले आले. शांदोंगमधल्या त्साओ तालुक्यात असंच जुन्या पद्धतीच्या चिनी पोशाखांचं, हानफूचं, काम वाढलं. ज्या गावातले लोक कामासाठी शहराकडे निघून जायचे, त्या गावात शहराकडून ऑर्डरी आल्या. मी लिंक चिकटवते तेव्हा माझे पैसे अशा घरापर्यंत पोचण्याची शक्यता असते. बर्लिनच्या मॉलमध्ये ती शक्यता किती? माझ्या हातातलं कागदाचं बंडल ज्या कारखान्यातून आलं, त्याच्या पानावर कारखान्याचा व्हिडिओ होता. मालकीण बांबूचा लगदा चाळणीवर पसरवत होती. मला तिची भाषा येत नाही, पण तिचे हात दिसले.

साशंक : ते हात दिसले याचा मला आनंद आहे, आणि शाजीसारख्या गावांचं जे झालं ते चांगलंच झालं. पण १६८८वर एकाच वस्तूचं एकच चित्र पन्नास दुकानं लावतात. त्यातलं खरं बनवणारं कोण आणि उचलून विकणारं कोण, हे लिंक सांगत नाही. ग्वांगझोच्या पान्यू भागात ऑनलाइन बाजारासाठी शिवणारे छोटे कारखाने आहेत. पब्लिक आय या स्विस संस्थेने २०२१मध्ये तिथल्या कामगारांशी बोलून लिहिलं की ते आठवड्याला पंचाहत्तर तास काम करतात. तो अहवाल एका कंपनीच्या पुरवठादारांबद्दल होता. पण त्या गल्ल्यांतली मशीन कुणासाठी चालतात हे तुमच्या गोदामातल्या फोटोत दिसणार नाही. ब्रँडला निदान विचारता येतं, त्याच्या दुकानाबाहेर फलक घेऊन उभं राहता येतं.

आणि लिंक तुमच्यापर्यंत येते कशी, तेही बघा. तुम्ही स्वतः शोधून काढलेली लिंक वेगळी. पण या बाजारात हजारो लोक लिंकांचे लांबलचक तक्ते घेऊन फिरतात. बूट, जर्सी, घड्याळं, पर्स. प्रत्येक लिंकेत त्यांचा संदर्भ क्रमांक दडलेला असतो. तुम्ही त्यावरून खरेदी केली की एजंट त्यांना दलाली देतो. तक्ता बनवणाऱ्याने ती वस्तू हातात घेतलेली असेलच असं नाही. त्यातल्या कितीतरी वस्तू उघड नकली असतात. दुकानाच्या पानावर बोधचिन्ह पुसट केलेलं असतं, नाव भलतंच लिहिलेलं असतं, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या तपासणीत सापडू नये. शोधून ती वस्तू मिळायची नाही, मिळते ती फक्त लिंकवरून. हा धंदा किती मोठा झाला ते एप्रिल २०२४मध्ये जगाला कळलं. सोळा ब्रँडांनी चालवलेल्या कायदेशीर कारवाईनंतर चिनी पोलिसांनी पांडाबाय या नावाजलेल्या एजंटाच्या हांगझोमधल्या कार्यालयावर आणि गोदामांवर छापे घातले. तिथे लाखो पार्सलं होती. त्यात प्रामाणिक गिऱ्हाइकांचा मालही असणारच. नकली बूट आणि तुमचं कागदाचं बंडल एकाच छताखाली पडून होतं.

तुम्ही म्हणाल, मी स्वतःपुरतं घेतलं, विकलं तर नाही. डेन्मार्कच्या एका माणसाने चिनी ऑनलाइन दुकानातून स्वतःसाठी एक रोलेक्स मागवलं होतं. कस्टमने अडवलं, ते नकली निघालं. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०१४मध्ये निकाल लागला की घेणाऱ्याने खासगी वापरासाठी घेतलं असलं तरी असा माल जप्त करून नष्ट करता येतो.

उत्साही : नकली मालाची बाजू मी घेणार नाही. ज्याला खोटं घड्याळ हवं त्याने माझ्या वाटेला बदनाम करू नये, एवढंच म्हणते. पण नक्कल या गोष्टीबद्दल तुमच्याइतकी ठाम मी होऊ शकत नाही. ते हिरो ६१६ घ्या. त्याची झाकलेली निब, त्याचं अंग, सगळं अमेरिकेच्या पार्कर ५१सारखं आहे, आणि ते पेन १९४१मध्ये बाजारात आलं होतं. एका पिढीने ज्याला सरळ नक्कल म्हटलं, ते पुढच्या पिढीसाठी अस्सल झालं, इतकं की आता त्याचीच नक्कल होते आणि मी पैसे भरून अस्सल ६१६ शोधते. ज्या देशांना पार्कर परवडत नव्हतं तिथल्या मुलांना शाईपेन मिळालं ते अशाच पेनामुळे. तुमच्या दुकानातूनही ते विकलं गेलं असेल.

साशंक : गेलं, भरपूर गेलं. आणि त्यावर हिरो असंच लिहिलेलं होतं, पार्कर नव्हे. दुसऱ्याची घडण पाहून शिकणं आणि दुसऱ्याचं नाव चोरणं यातला फरक गिऱ्हाइकाला कळतो. तुम्हालाही कळतो, म्हणून तर तुम्ही कोरलेली अक्षरं तपासलीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे बोलणं सुरू केलं तिच्याकडे येतो. खोकं बांधून तयार झालं की एजंट तुमच्यापुढे एक अर्ज ठेवतो. नाव, पत्ता, भाड्याचा मार्ग, विमा, आणि एक रकाना : घोषित किंमत. ती तुम्हीच भरायची. शंभर युरोचा माल आहे आणि तिथे वीस लिहिले तरी अर्ज तक्रार करत नाही. किलोमागे किती लिहिलं की कस्टम लक्ष देत नाही, याचे आडाखे लोक एकमेकांना सांगतात. मी आयुष्यभर कस्टमशी भांडलो, पण माझ्या बिल ऑफ एंट्रीवर खोटी किंमत टाकली असती तर मला नोटीस आली असती, दंड झाला असता, माझं लायसन गेलं असतं. त्या भीतीने कित्येक व्यापारी सरळ राहिले. तुमच्या वाटेवर ती भीती माणसामाणसांत इतकी पातळ वाटली गेली आहे की कुणालाच ती जाणवत नाही. युरोपीय आयोगाचा अंदाज आहे की संघात येणाऱ्या छोट्या पार्सलांपैकी ६५ टक्क्यांपर्यंत पार्सलांवर किंमत कमी दाखवलेली असते. शाळा, रस्ते, इस्पितळं याच पैशांतून चालतात. माझ्या ओळखीचा जो दुकानदार खरा कर भरून तोच माल विकतो, त्याच्या पोटावर हा पाय आहे.

उत्साही : मी तिथे खरी रक्कम लिहिते. युरोपात १ जुलै २०२१पासून पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो, जर्मनीत १९ टक्के, आणि तो मी भरते. पण या रकान्याचं ओझं फक्त गिऱ्हाइकाच्या मनावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. २०२४मध्ये युरोपीय संघात दीडशे युरोंहून कमी किमतीची ४६० कोटी पार्सलं आली, त्यातली ९१ टक्के चीनहून. ती सगळी माझ्यासारख्यांनी लिंका चिकटवून मागवली नाहीत. त्यातला फार मोठा वाटा बड्या अ‍ॅपवाल्यांचा आहे. दीडशे युरोंखाली आयात शुल्क नाही, ही सवलत मुळात अशासाठी होती की इतकं लहान शुल्क वसूल करण्याचा खर्चच जास्त पडायचा. तिच्यावर अब्जावधींचे धंदे उभे राहिले तेव्हा सरकारं गप्प होती. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतची सूट २ मे २०२५ला चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी बंद केली आणि २९ ऑगस्टला सगळ्यांसाठी. युरोपच्या अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२५मध्ये ठरवलं की १ जुलै २०२६पासून छोट्या पार्सलांतल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूवर तीन युरोंचं ठरावीक शुल्क लावायचं. हे योग्य आहे असं मलाही वाटतं. पण बघा, बड्या अ‍ॅपला तीन युरो जड नाहीत. तो युरोपात गोदाम बांधेल, कंटेनरने माल आणेल. माझ्या सहा युरोंच्या बॉबिन केसवर मात्र निम्मा भार पडेल. दारं बंद होतात तेव्हा आधी लहान माणूस बाहेर राहतो.

भारतात तर ती दारं बंदच आहेत. डिसेंबर २०१९मध्ये परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या शुल्कमुक्त भेटवस्तूंवर बंदी आली, त्यातून राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. नोव्हेंबर २०२०मध्ये सरकारने जी ४३ अ‍ॅप बंद केली त्यात अलीएक्स्प्रेस होतं, ताओबाओचंही एक अ‍ॅप होतं. माझा पुण्याचा भाऊ मला म्हणतो, तुझ्याकडे येईल तेव्हा घेऊन ये. त्याला हवा आहे साधा कॅमेऱ्याचा सुटा भाग, जो पुण्यात कुणी आणत नाही, कारण वर्षाला दहा गिऱ्हाइकं मिळणाऱ्या वस्तूत तुमच्यासारख्या घाऊक व्यापाऱ्यालाही रस नसतो.

साशंक : खरं आहे. दहा गिऱ्हाइकांसाठी मी खोकं उघडलं नसतं. त्या दहा जणांची अडचण तुम्ही मांडलीत ती माझ्या धंद्याने कधी सोडवली नाही, हे मी मान्य करतो. जे बाजारातून नाहीसं झालं आहे, जुन्या यंत्राला जे जगवतं, ते कुठूनही मिळवण्याचा हक्क माणसाला असावा. दुरुस्तीसाठी आलेली बॉबिन केस आणि दोनदा घालून फेकायचा टी-शर्ट एकाच विमानातून येतात आणि एकाच नियमाने मोजले जातात, हे मलाही खटकतं.

पण मग तुम्ही एक मान्य करा. लिंक चिकटवताना तुम्ही नुसत्या गिऱ्हाईक राहत नाही, तुम्ही आयातदार होता. कस्टमच्या कागदावर नाव तुमचंच असतं. एजंटाला हे पक्कं माहीत आहे, त्याच्या अटींत ते लिहिलेलं असतं. फक्त पान इतकं सोपं बनवलेलं असतं की तुम्हाला आपण दुकानातच उभ्या आहोत असं वाटावं. मी आयातदार झालो तेव्हा मला धंद्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं शिकवलं. कुठल्या मालाला बीआयएसचा शिक्का लागतो, खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१पासून सक्तीचा झाला, सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून चालत नाहीत, कुठल्या रंगात शिसं असतं. तुम्हाला हे कोण शिकवणार?

उत्साही : आयातदार हे नाव मी घेते. पण त्या नावाबरोबर तुमच्याकडे जे होतं ते मलाही द्या. तुमच्याकडे बाजारातला अनुभव होता, कस्टम हाउस एजंट होता, नमुना तपासायला प्रयोगशाळेचा पत्ता होता. माझ्याकडे चार फोटो आणि सात दिवस आहेत. कायदा मला आयातदार म्हणून पकडतो, पण शिकवताना ग्राहक म्हणून हात झटकतो. आणि एजंट फोटोचे, गोदामाचे, पॅकिंगचे पैसे घेतो, मग एक पाऊल पुढे जाऊन चार्जर उघडून बघायचे पैसे तो का घेऊ नये? मी ते देईन. तपासणीची कामं संपत नाहीत असं तुम्ही म्हणालात. मग ती करण्याची सक्ती ज्याच्या हातातून वस्तू जाते त्याच्यावर करा. माल त्याच्या टेबलावर असतो, माझ्या नाही.

साशंक : सक्ती कोण करणार? एजंट हांगझोत, कायदा ब्रुसेल्समध्ये, तुम्ही जर्मनीत. चीनचं सरकार त्याला नकली मालासाठी धरतं, तेही ब्रँडांनी पाठपुरावा केल्यावर. जर्मन मुलाच्या चपलेतल्या थॅलेटसाठी ते त्याच्यामागे लागेल असं मला वाटत नाही. म्हणून तूर्त माझी तुम्हाला दोनच सांगणी आहेत. घोषित किमतीत खरी रक्कम लिहा, जशी तुम्ही लिहिता, आणि तक्त्यांवरून खरेदी करणाऱ्या ओळखीच्या लोकांनाही तेच सांगा. आणि भिंतीतल्या प्लगला लावायची, अंगाला चोळायची किंवा मुलाच्या तोंडात जाऊ शकेल अशी कुठलीही वस्तू लिंकवरून मागवू नका.

उत्साही : पहिलं मी सांगेन. दुसरं मला पटतं, पण त्याची सीमा मला सापडत नाही. पेनाचं टोपण मुलं चावतातच. कापडाचा रंग अंगाला लागतोच. मी जिथून खरेदी करते त्या साइटवर विमानात न चालणाऱ्या मालाची यादी आहे : बॅटऱ्या, द्रव, भुकट्या, चुंबक. घरात न चालणाऱ्या मालाची यादी तिथे नाही.